धूळ थांबली तर

भात झोडल्याचा आवाज आता आमच्याकडे फारसा ऐकू येत नाही. मुरबाडला ज्या कॉलेजात मी शिकवते, त्याच्या मागच्या शेतात परवा मळणीचं यंत्र आलं आणि वर्गात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी फळ्यावर पेशीची आकृती काढत होते. खिडकीतून आधी ताज्या पेंढ्याचा वास आला, मग तुसाची बारीक धूळ. पुढच्या बाकावरच्या मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या. मी खिडकी लावायला गेले आणि खडू हातात धरून तिथंच उभी राहिले. हा हंगाम दरवर्षी येतो, आणि दरवर्षी त्यातलं एकच साल माझ्यापुढे येऊन उभं राहतं.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधलं, किन्हवलीहून आत जाणाऱ्या रस्त्यावरचं. घरी भाताची थोडी जमीन, आई-बाबा आणि माझ्यापेक्षा लहान भाऊ विलास. मी मुंबईत एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते आणि वसतिगृहात राहत होते. कापणीला मात्र घरी यायचेच. आई निरोप धाडायची नाही, बोलवायची नाही. आमच्या घरात कापणीला न येणं ही गोष्टच नव्हती. विळा हातात घेतला की पहिल्या दिवशी कंबर धरायची, दुसऱ्या दिवशी बोटं चिरायची, आणि तिसऱ्या दिवसापासून मी मुंबईची उरायचे नाही.

त्या साली कापलेल्या भाऱ्यांच्या उडव्या रचून झाल्या, खळं सारवून वाळलं, झोडणी झाली. मग वारा द्यायची वेळ आली. हे काम बाबांचं. उंच पाटावर उभं राहून, सूप डोक्याच्या वर धरून ते भाताची धार सोडायचे. दाणा सरळ खाली पडायचा आणि पोल, म्हणजे पोकळ दाणे आणि तूस, वाऱ्याबरोबर लांब जायचा. वारा कुठून येतोय हे ते गालाने ओळखायचे. लहानपणी मला ते पाटावर उभे असताना फार उंच वाटायचे.

त्या दिवशी तिसरंच सूप असेल. धार मध्येच तुटली. बाबांनी सूप हळूच खाली घेतलं, पाटावरून उतरले आणि खळ्याच्या कडेला उकिडवे बसले. खोकला नव्हता. फक्त श्वास. मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो, तसा. आई पाणी घेऊन धावली. बाबांनी हाताने तिला थांबवलं, कारण पाणी प्यायलाही सवड नव्हती. विलास पाटावर चढला आणि सूप उचललं. त्याला वारा द्यायला येत नव्हतं. दाणा आणि पोल एकत्रच खाली पडत राहिले.

बाबा गारगोटीच्या गिरणीत कामाला होते. वाशिंदच्या बाजूला ती गिरणी होती. पांढरी गारगोटी फोडायची, दळायची आणि तिचं पीठ गोणीत भरायचं. ते पीठ कुठं काचेच्या, कुठं चिनी मातीच्या कारखान्यात जायचं. नव्वदच्या दशकात आमच्या गावातले आणि वरच्या ठाकरवाडीतले बरेच पुरुष तिथं लागले. रोज सकाळी गिरणीचा ट्रक फाट्यावर यायचा आणि संध्याकाळी तिथंच सोडायचा. उतरलेली माणसं पापण्यांपर्यंत पांढरी असायची. आम्ही मुलं फाट्यावर जाऊन आपला बाप ओळखायचा खेळ खेळायचो. बाबा चालण्यावरून ओळखू यायचे. घरी आल्यावर आई त्यांना पडवीच्या बाहेरच उभं करून अंगावर कळशी ओतायची, आणि पायाशी पांढरं दूध वाहावं तसं पाणी वाहायचं.

त्याच पिठाने वाडीवरची काही माणसं गेली. प्रत्येक वेळी टीबी झाला म्हणत. टीबीच्या गोळ्या खाल्ल्या जात, गोळ्यांनी बरं वाटत नसे, मग माणूस हाडांचा सापळा होऊन जाई. बाबांनाही त्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. आमच्या भागात छातीचं दुखणं म्हणजे टीबी, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

मला मात्र माहीत असायला हवं होतं असं नाही, पण माहीत होतं. कारण प्रयोगशाळेत मी ज्या गोष्टीच्या मागे होते, ती नेमकी तिथंच जाऊन मिळत होती.

शाळेत नववीच्या पुस्तकात आम्हाला लयकारिका शिकवल्या होत्या. पेशीच्या आत असलेल्या छोट्या छोट्या पिशव्या. पेशीतला कचरा, मोडकळीला आलेले भाग, बाहेरून आलेले जंतू, सगळं या पिशव्यांत जातं. तिथल्या आंबट रसात ते विरघळतं आणि त्यातलं कामाचं तेवढं पेशी पुन्हा वापरायला घेते. आमचे सर सांगायचे, ही पिशवी फुटली की तो रस पेशीलाच खाऊन टाकतो, म्हणून हिला आत्मघाती पिशवी म्हणतात. परीक्षेत एका गुणाला हमखास यायचं. ‘आत्मघाती पिशव्या कोणास म्हणतात?’ आम्ही डोळे मिटून उत्तर लिहायचो.

आपल्या फुफ्फुसात भक्षक पेशी असतात. हवेतून आलेला कण दिसला की त्या तो गिळतात आणि लयकारिकेत टाकतात. साधी धूळ असेल तर निभावून जातं. गारगोटीचा कण विरघळत नाही. तो पिशवीतच राहतो आणि तिच्या पडद्याला आतून इजा करत राहतो. पिशवी फुटते, रस सांडतो, पेशी मरते. कण तसाच बाहेर पडतो. मग दुसरी पेशी येते, तिला वाटतं हे आपलं काम, ती तोच कण गिळते. हे वर्षानुवर्षं चालतं, आणि जिथं जिथं चालतं तिथं फुफ्फुसाचं मऊ जाळं कातड्यासारखं कडक होत जातं.

हे सगळं वाचलेलं होतं. माझं काम थोडं वेगळं होतं. माझ्या मार्गदर्शक बाई, त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो, त्यांना एक प्रश्न पडला होता. पिशवी फुटली की पेशी मेलीच, असं सगळे धरून चालतात, पण खरंच प्रत्येक वेळी तसं होतं का? मला त्यांनी काचेच्या बशीत वाढणाऱ्या उंदराच्या पेशी दिल्या आणि पिशव्यांना इजा करणारं एक रसायन दिलं. पेशींना एक रंग पाजायचा. धड पिशव्या सूक्ष्मदर्शकातून नारंगी ठिपक्यांसारख्या चमकतात. पिशवीला भोक पडलं की नारंगी विझतो आणि सगळी पेशी नुसती हिरवी दिसते. मी किती तरी बशा हिरव्या केल्या होत्या. हिरव्या झाल्या की काम संपलं म्हणून टाकून द्यायचे.

कापणीच्या आधी एकदा मॅडम सहज म्हणाल्या की रसायन धुऊन टाक, ताजं पोषण घाल आणि वाट बघ. मी धुतलं, ताजं घातलं, जेवायला गेले. परत येऊन डोळा लावला तर काही पेशींत नारंगी ठिपके होते. मला वाटलं बशी बदलली. दुसरी बघितली. तिथंही. सगळ्या पेशींत नव्हते. ज्यांना मार जास्त बसला होता त्या आक्रसून मेल्या होत्या. पण ज्यांना थोडा बसला होता त्यांनी कुठून तरी ठिगळं आणली होती, भोकं बुजवली होती, आत पुन्हा आंबट रस भरला होता आणि कामाला लागल्या होत्या. मॅडमना बोलावलं. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग म्हणाल्या, पुन्हा कर. एकदा दिसलं ते दिसलं म्हणता येत नाही.

तेव्हा हे कसं घडतं ते आम्हाला कळत नव्हतं. पुढच्या काळात जगभरच्या लोकांनी ते हळूहळू उलगडलं. पडद्याला छेद गेला की काही प्रथिनं लगबगीने तिथं पोचतात आणि छेद सांधतात. जी पिशवी सांधण्यापलीकडे गेली तिला पेशी दुसऱ्या पडद्यात गुंडाळते आणि धड राहिलेल्या पिशव्यांकडून तिचा निकाल लावते. तेवढ्यावरही भागलं नाही तर आतून हुकूम सुटतो आणि नव्या पिशव्या तयार व्हायला लागतात. डागडुजी, सफाई, नवं बांधकाम. पेशी हातपाय गाळून बसत नाही. आज हे मी एका तासात शिकवून मोकळी होते. त्या साली मात्र माझ्याकडे फक्त ते नारंगी ठिपके होते, आणि घरी बाबांचा श्वास.

खळ्यावरच्या त्या दिवसानंतर बाबा ऐकले आणि मी त्यांना मुंबईला नेलं. मोठ्या इस्पितळात छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला तो कामाचा. बाबांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले की हा टीबी नाही, ही दगडाच्या धुळीची बाधा आहे, सिलिकोसिस. झालेलं भरून येत नाही, पण आता ते काम पूर्ण बंद करा. बाबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले की डॉक्टर चांगला वाटला, खरं बोलला.

संध्याकाळपर्यंत वेळ होता. बाबांनी विचारलं, तू काम करतेस ती जागा लांब आहे का? मी त्यांना घेऊन गेले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, गावाकडे पीक कसं आहे ते विचारलं. फळीवर काचेची एक बाटली होती. माझ्या पुढच्या प्रयोगासाठी आणलेलं गारगोटीचं पीठ. बाबांनी ते ओळखलं. खुर्चीतून उठले आणि एक पाऊल मागे सरले. त्या पिठात ज्या माणसाने उमेदीची वर्षं काढली, तो झाकण लावलेल्या बाटलीपासून मागे सरला. मी ती बाटली उचलून कपाटात ठेवली.

मी त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. सुरुवातीला त्यांना आपल्याच पापण्या दिसत होत्या. मग सापडलं. मी आधी धड पेशी दाखवल्या, मग इजा झालेल्या, मग सावरलेल्या. घरच्या भाषेत सांगत गेले. ही पोटातली पिशवी, ही फुटली, ही शिवली. बाबा एक डोळा मिटून बघत राहिले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं,

“मंग ही उठली कशी गो?”

मी सांगितलं की मी तिला त्रास द्यायचा थांबवला, म्हणून उठली. थोडाच मार होता आणि मग सवड मिळाली.

“आन थांबवला नसता तर?”

“तर मेली असती, बाबा.”

त्यांनी मान वर केली. आपल्याबद्दल ते विचारणार, हे मला कळलं, आणि खोटं सांगायचं नाही हे मी त्या क्षणी ठरवलं. मी म्हणाले की तुमच्या छातीत गेलेली धूळ आता निघायची नाही. या बशीतलं रसायन धुता येतं, तो कण धुता येत नाही.

बाबांनी पुन्हा एकदा डोळा लावून ती सावरलेली पेशी बघितली. मग म्हणाले,

“मंग ती इलासच्या छातीत जायला नको.”

विलासचं मला माहीतच नव्हतं. परतीच्या वाटेवर बाबांनी सांगितलं. गोळ्या सुरू होऊन बाबांचं काम थांबल्यावर, मी गावी यायच्या आधीच, मुकादम घरी आला होता. बापाची जागा पोराला द्यायला गिरणी तयार होती, आणि विलासने हो म्हटलं होतं. ट्रक फाट्यावर येतो, रोज काम असतं, आणखी काय पाहिजे, असं त्याचं म्हणणं. बारावीनंतर तो मिळेल ते काम करत होता आणि त्याला ते लाजिरवाणं वाटत होतं.

मी घरी गेले ती भांडायच्या तयारीने. विलासला पेशी सांगितली, कण सांगितला, डॉक्टरांचं सांगितलं. तो पेंढ्याच्या गंजीला टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला की तू शिकलीस, तू मुंबईला असतेस, घरात पीठ-मीठ आणायला इथं कोण असतं? त्याचं चूक नव्हतं. मी आईकडे बघितलं. आई भात उन्हात पसरत होती. ती पसरतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास डबा घेऊन निघाला. अंगणाच्या तोंडाशी बेडं होतं, गुरं आत येऊ नयेत म्हणून लावलेले आडवे बांबू. बाबा त्याच्या शेजारी दगडावर बसले होते. विलास बेडं सरकवायला वाकला तेव्हा बाबांनी त्याच्या डब्याच्या पिशवीचा बंद धरला. धरला म्हणजे नुसती दोन बोटं अडकवली. त्यांच्या हातात तेव्हा ताकद उरली नव्हती. विलासने एक हिसका दिला असता तर पिशवी सुटली असती. फाट्याकडून ट्रकचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. विलास तसाच उभा होता, पिशवीचा एक बंद त्याच्या हातात आणि एक बाबांच्या. मग ट्रक गेल्याचा आवाज आला. विलास खाली बसला. आईने आतून येऊन डबा घेतला आणि तो उघडून दोघांच्या मध्ये ठेवला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती आमच्या घरापुरती गोष्ट झाली असती. बाबा थांबले नाहीत. त्यांना सपाटीवर चालतानाही दम लागायचा, पण त्या दिवसापासून ते रोज एका खळ्यावर जायला लागले. चार पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा चार. त्या दिवसांत सगळं गाव खळ्यावरच सापडायचं. ते जाऊन बसत, पाणी मागत, आणि आपण काय बघून आलो ते सांगत. मी बरोबर असायचे, पण मला फारसं बोलायची वेळ आली नाही. बाबांनी पेशीचं त्यांच्या पद्धतीने करून टाकलं होतं. पोटातली पिशवी फाटते, शिवायला तिला सवड लागते, आणि आपण रोज नवी धूळ नेऊन तिला सवड देत नाही. याहून नीट मी आजही सांगू शकत नाही.

वाडीवर जायला चढ होता. बाबा चढूच शकत नव्हते. तेव्हा धर्मा खाली आला. धर्मा त्यांच्याबरोबर गिरणीत पहिल्यापासून होता, ठाकरवाडीतला. उंच, काटक, कमी बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ त्याच टीबीने गेला होता जो टीबी नव्हता. आमच्या पडवीत बसून त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने जे विचारलं ते सगळ्यांच्याच मनात होतं. काम सोडलं तर खायचं काय, आणि एकट्याने सोडलं तर मुकादम दुसरा आणील त्याचं काय?

बाबा म्हणाले की सोडायचं नाही. सगळ्यांनी मिळून थांबायचं. दळताना पाणी मारा म्हणायचं, भरायच्या खोलीतली धूळ ओढून बाहेर काढा म्हणायचं. मी मुंबईत विचारून ठेवलेलं त्यांना सांगितलं होतं की ओलं दळलं तर धूळ उडत नाही, दुसरीकडे तसं करतात. धर्मा म्हणाला, शिमग्यानंतर बघू, तेव्हा शेतीची कामं नसतात, माणसं मोकळी असतात.

“शिमग्यात नाय जमायचं, धर्मा,” बाबा म्हणाले. “तवा घरात दाना नसतो. आत्ता भात घरात हाय, तुमची नाचनी-वरई निघलीय. आत्ताच बसता येईल. पोट भरलेला मानूसच नाय म्हनू शकतो.”

धर्मा बोटांवर घरं मोजू लागला. वाडीवर सगळ्यांची नाचणी पुरेल एवढी नव्हती, हे तो बोलला नाही, पण आईला ते कळलं. ती उंबऱ्यातून म्हणाली,

“ज्याला कमी पडंल त्यानं हिकडं यावं. माजी कनगी उघडी ऱ्हाईल.”

आणि एका सकाळी ट्रक फाट्यावर आला तेव्हा तिथं कोणी नव्हतं. मी सुट्टी वाढवून थांबले होते. आम्ही चिंचेखालून बघत होतो. ड्रायव्हर उतरला, हॉर्न वाजवला, विडी ओढली, निघून गेला. रिकामा ट्रक इतका आवाज करतो हे मला तेव्हा कळलं. नंतर मुकादम येऊ लागला. आधी गोडीत, मग चढ्या आवाजात. काही जण त्याच्याबरोबर गेलेही. बाबांनी त्यांना नावं ठेवली नाहीत आणि कोणाला ठेवू दिली नाहीत. बाहेरून माणसं आणायचा प्रयत्न झाला, पण झोडणीच्या दिवसांत मजूर मिळणं सोपं नव्हतं. आमच्या कणगीतलं भात खाली खाली जात होतं. आई ते उपसताना हात आखडता घेत नव्हती. विलास रोज चढ चढून वाडीवर धान्य पोचवायचा आणि येताना तिथल्या बातम्या आणायचा. त्या दिवसांत तो एकदम मोठा दिसायला लागला.

शेवटी गिरणीचा मालक स्वतः गावात आला. बाबा बोलायला उठले आणि दोन वाक्यांत त्यांचा श्वास संपला. सगळे थांबले. मालकही थांबला. बाबा परत श्वास गोळा करत होते तेवढ्या वेळात मला वाटतं त्यांचं म्हणणं पुरं झालं. मग धर्मा बोलला आणि थोडक्यात बोलला. पाण्याचे फवारे आणि धूळ ओढणारा पंखा लावल्याशिवाय ट्रकमध्ये कोणी बसणार नाही.

सगळं मिळालं असं नाही. पंखा लागायला फार वेळ गेला. फवारे मात्र लागले. दळण ओलं झालं. आधीच्या आजारी माणसांसाठी काही झालं नाही, त्यासाठी पुढे खूप हेलपाटे घालावे लागले आणि त्यातले बरेच फुकट गेले. धर्माची छातीही पुढे बिघडलीच. त्याच्या आत जे गेलं होतं ते गेलं होतं. पण त्याच्या मागून जी पोरं लागली, त्यांना मी आजही बाजारात भेटते. ती पिशव्या उचलून चढ चढतात आणि वर पोचल्यावर बोलू शकतात. विलास गिरणीत कधीच गेला नाही. किन्हवलीत त्याने पंप दुरुस्तीचं काम शिकून घेतलं आणि आता त्याचं स्वतःचं दुकान आहे.

मी मुंबईला परतले आणि तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. आता माझा प्रश्न बदलला होता. पेशी सावरते हे दिसलं होतं. किती मार बसेपर्यंत सावरते? कुठल्या टप्प्यानंतर सावरत नाही? आणि सवड किती लागते? बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, मी ते दर सुट्टीत पडवीत बसलेलं बघत होते. एकेक पेशी आपलं ठिगळ लावते, उठते, कामाला लागते, आणि तरी सगळं फुफ्फुस हरतं, हे कसं? या प्रश्नाने मला कधी कधी रडवलं. पण त्यानेच मला रोज सकाळी प्रयोगशाळेत आणून उभं केलं. बाबांना बरं करायला मी तिथं जात नव्हते, तो रस्ता बंद होता हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. जे उठू शकतात त्यांना उठायला काय लागतं, तेवढं मला शोधायचं होतं.

बाबा आणखी दोन कापण्या बघू शकले. दुसऱ्या कापणीला विलास वारा द्यायला चांगला शिकला होता. बाबांना पोलाची धूळ सोसायची नाही म्हणून आम्ही त्यांची खाट लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला टाकायचो. तिथून ते हाताने खूण करायचे, सूप थोडं डावीकडे, थोडं वर. विलास ऐकायचा. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, आंबे उतरायच्या आधी, ते गेले. जागे होते. आईचा हात धरून होते. शेवटपर्यंत त्यांनी कशाची तक्रार केली नाही. फक्त आदल्या दिवशी मला म्हणाले,

“तुजं काम अर्धं टाकून हितं बसू नको.”

पण मी बसले. सगळे विधी होईपर्यंत बसले. घरात माणसं होती तोवर ठीक होतं. ती गेल्यावर पडवी मोठी वाटायला लागली. माझ्या मनात सारखं येत होतं की बशीतल्या पेशी आता मेल्या असतील. त्यांना दर थोड्या दिवसांनी ताजं पोषण द्यावं लागतं, दाटी झाली की वेगळ्या बशीत घालावं लागतं. मी निघताना कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापासून करायचं बळ माझ्यात आहे की नाही हे मला कळत नव्हतं. आईला म्हटलं, थोडे दिवस राहते. आईने माझी पिशवी भरून दारात आणून ठेवली.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा दुपार होती. मॅडम माझ्या जागेवर बसल्या होत्या, हातात मोजे, समोर बशा. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःच्या हाताने ते काम करताना बघितलं नव्हतं. मला बघून त्या खुर्चीवरून उठल्या, मोजे काढले आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

“जिवंत आहेत,” त्या म्हणाल्या. “बसतेस?”

मी पदर खोचला, हात धुतले आणि बसले.